एका सरळ रेषेतले तोफगोळे आणि जाहिरातीत नसलेल्या ब्याण्णव पायऱ्या

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘जुन्या शहराची पायी सफर’ जाहिरातीप्रमाणे न झाल्याबद्दल व सफरीत चुकीची माहिती दिल्याबद्दल तक्रार

महोदय,

गेल्या रविवारी सकाळी मी आणि माझी थोरली बहीण तुमच्या पायी सफरीला आलो होतो. त्याच संध्याकाळी तुमचा फोनवर संदेश आला, अनुभव कसा वाटला ते कळवा आणि पाच तारे द्या. मी तारे न देता चार ओळींत तक्रार लिहिली. मिनिटाभरात उत्तर : ‘आपल्या अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार!’ आणि खाली पुढच्या सफरीसाठी सवलतीचं कूपन. माझ्या चार ओळी माणसाच्या नजरेखालून गेल्याच नाहीत, हे उघड आहे. म्हणून आता कागदावर, सविस्तर.

आधी सरळ हिशेबाच्या गोष्टी. जाहिरातीत तुम्ही म्हटलं होतं : जास्तीत जास्त पंधरा माणसं, दोन तास, नऊ ठिकाणं, जाणकार मार्गदर्शक, सर्व वयाच्या लोकांना झेपेल अशी वाट. प्रत्यक्षात आम्ही चौतीस जण होतो. दुसरा मार्गदर्शक आला नाही म्हणून दोन गट एकत्र केले, असं आम्हाला वेशीपाशी उभं राहिल्यावर सांगितलं. माइक नाही, कानात घालायचं यंत्र नाही. अरुंद गल्लीत चौतीस माणसांची रांग किती लांबते याची कल्पना तुम्हाला असेलच. पुढचे पोचायचे, मार्गदर्शक मुलगा बोलायला लागायचा, शेपटीकडचे पोचेपर्यंत त्याचं बोलून झालेलं असायचं. आमच्यासारख्या मागच्यांच्या वाट्याला फक्त ‘चला’ हा शब्द यायचा. नऊ ठिकाणांपैकी पाच पाहिली. सहावं ओझरतं झालं. उरलेली तीन त्याने चौकात उभं राहून बोटाने दाखवली : ‘ते पाहा, ते तिकडे, झाडामागे.’ झाडामागे बोट दाखवायला मार्गदर्शक कशाला लागतो?

आता वाटेबद्दल. माझी ताई एकाहत्तर वर्षांची आहे, काठी घेऊन चालते. सपाट रस्त्यावर दोन तास ती माझ्यापेक्षा बरी चालते, पण जिना तिला वर्ज्य आहे. बुकिंग करताना मी मुद्दाम फोन करून विचारलं होतं, चढ किंवा पायऱ्या आहेत का? ‘नाही सर, अगदी आरामात,’ असं उत्तर मिळालं. मनोऱ्याच्या दाराशी पोचलो तेव्हा आत गोल जिना दिसला. ब्याण्णव पायऱ्या. मोजल्या आहेत, सवयच आहे. चौतीस वर्षं इमारतींचे नकाशे काढण्यात गेली. पायरीची उंची एकसारखी नाही, कठडा नाही, उजेड जेमतेम. ‘तू जाऊन ये, मी बसते इथे,’ असं ताई म्हणाली आणि जोत्यावर टेकली.

मी वर गेलो. चढता चढता आमचा मार्गदर्शक सांगत होता की असे जिने नेहमी उजवीकडे वळत जातात, कारण वरून उतरणाऱ्या पहारेकऱ्याचा तलवारीचा हात मोकळा राहावा आणि खालून चढणाऱ्या शत्रूचा हात मधल्या खांबाला अडावा. ऐकायला झकास आहे. पण त्या वेळी माझा डावा हात मधल्या खांबाला टेकलेला होता. म्हणजे आम्ही चढत होतो तो जिना डावीकडे वळत होता! चौतीस माणसं डावीकडे वळत चढत होती आणि उजवीकडे वळण्याचं कारण ऐकून मान डोलावत होती. ही तलवारीची उपपत्ती मुळात मध्ययुगातली नाहीच. थिओडोर कुक या इंग्रज लेखकाने ती १९०२ साली मांडली आणि तेव्हापासून ती प्रत्येक मनोऱ्यात चढते आहे. डावीकडे वळणारे जिने इंग्लंड-वेल्समधल्या जुन्या किल्ल्यांतही आहेत, कॅनार्व्हनच्या किल्ल्यात तर आहेतच.

वरून उतरायची वाट दुसऱ्या दाराने निघाली, तीही आधी कुणी सांगितली नव्हती. गट तसाच पुढे गेला. मी उलटा वळसा घालून ताईपाशी पोचलो, त्यात वीस-पंचवीस मिनिटं गेली. मला वाटलं ती चिडली असेल. ती खाली वाकून काठीच्या टोकाने जोत्याचे दगड दाखवू लागली. ‘हे बघ, इथे बाण आहे. इथे माशासारखं काहीतरी. आणि हा फुलीखाली आडवी रेघ, हा अकरा दगडांवर आहे. धोबी कपड्यावर खूण घालतो तशी नाही वाटत?’

अगदी तशीच. त्या पाथरवटांच्या खुणा आहेत. घडवलेल्या दगडांच्या संख्येवर मजुरी मिळायची, म्हणून प्रत्येकजण आपल्या दगडावर आपली निशाणी कोरायचा, मुकादम त्यावरून मोजायचा. युरोपातल्या मोठमोठ्या चर्चांवर अशा खुणा आहेत, ताजमहालाच्या आवारातल्या दगडांवरही आहेत. मी त्या फुलीच्या खाचेत नख घालून पाहिलं. छिन्नीचा घाव एका बाजूने खोल, दुसऱ्या बाजूने उथळ. कुठल्या तरी माणसाने घाईत दोन ठोक्यांत मारलेली खूण. तुमच्या पूर्ण सफरीत एवढ्या जवळून आम्हाला दुसरं काही दिसलं नाही, आणि हेही दिसलं ते तुम्ही ताईला मागे सोडून गेलात म्हणून. नंतर मार्गदर्शकाला विचारलं तर म्हणाला, ‘त्या खजिन्याच्या खुणा आहेत.’

माझी मुख्य तक्रार आता सुरू होते. गर्दी आणि पायऱ्या यांचे पैसे परत करून विषय मिटेल, पण तुम्ही लोकांना जे ऐकवता ते पैशाने मिटणारं नाही.

तटाच्या उत्तर बाजूला समान उंचीवर, समान अंतरावर चौकोनी भोकांच्या चार ओळी आहेत. तुमच्या मुलाने त्या दाखवून सांगितलं की वेढ्यात बसलेल्या तोफगोळ्यांच्या या खुणा. अहो, गोलंदाजाने काय फूटपट्टी लावून गोळे मारले होते? आणि गोळ्याने भोक चौकोनी कसं पडलं? ती परांचीची भोकं आहेत. भिंत उंच होत जाते तसे आडवे वासे एका टोकाने भिंतीत रोवतात, त्यावर फळ्या टाकून गवंडी उभा राहतो. काम संपलं की वासे काढून घेतात, भोकं राहतात. कधी बुजवतात, कधी पुढच्या डागडुजीला उपयोगी पडतील म्हणून तशीच ठेवतात. त्या चार ओळी म्हणजे गवंड्यांच्या चार मजल्यांच्या उभं राहण्याच्या जागा आहेत. एका मजल्यावर उभ्या माणसाचा हात कुठवर पोचत होता, ते दोन ओळींमधल्या अंतरावरून कळतं. हे खरं असताना तोफगोळ्यांची गरज काय?

पुढे बुरुजाच्या पायथ्याशी एक कमानीचं बुटकं तोंड. ‘हे भुयार, इथून थेट नदीपलीकडच्या किल्ल्यात निघतं.’ वाकून पाहिलं. तळाला बाहेरच्या बाजूला, खंदकाकडे, स्पष्ट उतार. दगडावर पाण्याने घासलेली पन्हळ. सरळसरळ मोरी आहे ती! किल्ल्याचं पावसाचं पाणी बाहेर काढायची. इतका नेमका उतार काढून पाणी खेळवणाऱ्या माणसाचं कौतुक करायचं सोडून आपण त्याच्या मोरीतून राजकन्या पळवतो.

सगळ्यात जास्त डाचलं ते शेवटचं. जुन्या बाजाराच्या मोठ्या कमानीखाली सगळ्यांना गोल उभं करून, आवाज खाली आणून तो म्हणाला की ही कमान बांधणाऱ्या कारागिराचे हात तोडले होते, पुन्हा अशी कमान कुठे होऊ नये म्हणून. बायकांनी चुकचुक केली, एका लहान मुलीने स्वतःचे हात पाठीमागे लपवले. ही गोष्ट मी आयुष्यात किती इमारतींबद्दल ऐकली असेन! ताजमहालाबद्दल तर लहानपणापासून. तिला समकालीन पुरावा नाही, आणि ताजचा वास्तुकार मानला जाणारा उस्ताद अहमद लाहोरी पुढे दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या कामावर होता. मॉस्कोच्या सेंट बेसिल चर्चबद्दल हीच कथा, फक्त तिथे हातांऐवजी डोळे काढतात. ते चर्च १५५५ ते १५६१ मध्ये बांधलं आणि त्याच्याशी ज्याचं नाव जोडलं जातं तो पोस्टनिक याकोव्लेव्ह नंतर कझानमध्ये काम करत होता. प्रागच्या मोठ्या खगोलीय घड्याळाबद्दलही डोळेच काढले जातात, तेही हानुश नावाच्या माणसाचे. ते घड्याळ १४१० साली कादानच्या मिकुलाशने केलं. म्हणजे ज्याने केलं नाही त्याचे डोळे गेले!

मला दंतकथांचं वावडं नाही. आमच्या लहानपणी भुताच्या गोष्टीशिवाय झोप यायची नाही. ‘लोक असं सांगतात’ एवढे तीन शब्द आधी लावा आणि मग खुशाल सांगा. वारसास्थळांची माहिती लोकांपर्यंत कशी पोचवावी याबद्दल इकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेची २००८ ची सनद आहे. तीही लोकांच्या तोंडच्या आठवणी आणि कथा टाकून द्या म्हणत नाही, उलट त्यांना जागा द्या म्हणते. पण सांगणं अभ्यासाच्या पायावर हवं, असंही म्हणते. तुम्ही कमानीखाली हात तोडलेत, पण ती कमान उभी कशी राहिली ते सांगितलं नाही. लाकडी साच्यावर दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे दगड रचत आणायचे, मध्ये चावीचा दगड बसवायचा, आणि मग जीव मुठीत धरून साचा काढायचा. त्या क्षणी खाली उभ्या असलेल्या माणसाची छाती किती धडधडली असेल! हात तोडण्यापेक्षा मला तरी हे जास्त थरारक वाटतं. चव आपापली.

एक गोष्ट माहितीपलीकडची आहे, तीही लिहितो. तटाच्या पश्चिमेला विटांच्या भिंतीवर हल्लीच सिमेंटचा गिलावा मारलेला आहे. तुमच्या मुलाने तो ‘मजबुतीकरण’ म्हणून अभिमानाने दाखवला. मी गिलाव्याच्या कडेच्या विटेला बोट लावलं, लाल भुकटी बोटाला आली. मूळ भिंत चुन्यातली आहे. चुना सच्छिद्र, भिंतीत शिरलेली ओल सांध्यांतून बाहेर पडते. सिमेंट दाट, ते वाट अडवतं, मग ओल विटेतून निघते, तिच्यातले क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन साचतात आणि विटेचे पापुद्रे सुटायला लागतात. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं. त्याआधीच्या भिंतीला त्याची सवय असण्याचं कारण नाही. गिलावा तुम्ही मारलेला नाही हे मला माहीत आहे. पण दर रविवारी चौतीस लोकांना त्याचं कौतुक ऐकवलंत, तर उद्या आपल्या घराची जुनी भिंत दुरुस्त करताना त्यातले दोघे-तिघे तरी हेच करतील.

आता त्या मुलाबद्दल, कारण माझं पत्र वाचून तुम्ही पहिल्यांदा त्यालाच धराल. तसं करू नका. सफर संपल्यावर मी त्याला बाजूला घेऊन मोरी आणि भोकांबद्दल बोललो. तो ओशाळला. ‘काका, मला गुरुवारी हा कागद दिला आणि रविवारी उभं केलं. यात जे आहे तेच बोललो,’ असं म्हणून त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. वर तुमच्या कंपनीचं चिन्ह. हात तोडण्यापुढे कंसात लिहिलं होतं, ‘इथे थोडं थांबावे.’ चूक त्याची नाही, त्या कागदाची आहे, आणि तो कागद तुमचा आहे. त्याने ताईला परत जाताना रस्ता ओलांडून दिला, खुणा पुन्हा नीट बघायला तो तिच्याबरोबर जोत्यापाशी गेला, फोटोही काढले. मुलगा चांगला आहे, त्याला शिकवा. तीन दिवसांत होत नाही ते. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज यांच्या स्मरणार्थ टोरोंटोत २००७ पासून जे पायी फेरफटके सुरू झाले ते स्वयंसेवक चालवतात, एक पैसा घेत नाहीत. तुम्ही शुल्क घेता, तेव्हा निदान त्या कागदाला एखाद्या जाणकाराची सही असावी एवढी अपेक्षा फार नाही.

माझ्या मागण्या अशा. आम्हा दोघांच्या शुल्कापैकी ताईचं पूर्ण आणि माझं निम्मं परत करावं. तिला फोनवर चुकीचं सांगून बोलावलं होतं, मला निदान पाच ठिकाणं दिसली. जाहिरातीत पायऱ्यांची संख्या आणि उतरायच्या वाटेचं ठिकाण छापावं. पंधराहून जास्त लोक झाले तर सुरुवातीलाच सांगून, ज्यांना परत जायचं आहे त्यांचे पैसे तिथेच द्यावेत. आणि तो कागद बदलावा. बदललात तर एक प्रत मला पाठवा, मी फुकट तपासून देईन. निवृत्त माणसाला वेळ असतो. त्या मुलाच्या मानधनातून काही कापलं असेल तर ते आधी परत करा, माझे पैसे नंतर आले तरी चालतील.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे, संदेशातलं आपोआप येणारं नको. ताईने काढून घेतलेले अकरा खुणांचे फोटो सोबत जोडले आहेत. सवलतीचं कूपन मी वापरणार नाही, ते रद्द समजावं.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व बुकिंग क्रमांक तुमच्याकडच्या नोंदीत आहेत.)