लवंग तेल चमच्याने प्यायचे नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मसाल्यांची सुगंधी तेले यकृताला आणि मूत्रपिंडाला विषापासून वाचवतात, असा मजकूर आपल्या पुरवणीत आला आणि दोनच दिवसांत आमचे मामा लवंग तेलाची बाटली घेऊन माझ्या औषध दुकानात हजर. हळदीच्या अडतीत हयात गेलेला माणूस. अनशापोटी अर्धा चमचा सुरू केला होता. तोंडाची आग होतेय, त्यावर काही द्या, एवढेच मागणे. मी ओरडलो तर म्हणाले, "अरे, लवंग कुणाला बाधतीय व्हय?" बोलता बोलता काउंटरवर थेंब सांडला, पुसेपर्यंत तिथले पॉलिश उठले.

मजकूर खोटा नव्हता. पांढऱ्या उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड हे विषारी रसायन दिले की यकृतात त्याचे मुक्त कण तयार होतात, पेशींच्या पडद्यातली चरबी खराब करतात आणि रक्तातले एसजीपीटी, एसजीओटी, म्हणजे यकृताला इजा झाल्याचे सांगणाऱ्या विकरांचे प्रमाण, चढते. ज्यांना तेल मोजून दिलेले असते त्या उंदरांत ते कमी चढते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. पण उंदीर हा शब्द आपण शेवटच्या परिच्छेदात घातलात. मामा तिथपर्यंत कधीच वाचत नाहीत.

लवंग तेलात बहुतांश युजेनॉल असते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञ समितीने त्याची रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोला २.५ मिलिग्रॅम धरली आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला १५० मिलिग्रॅम, जेमतेम तीन-चार थेंब. मामांच्या अर्ध्या चमच्यात दोन ग्रॅम तरी गेले असेल. हे तेल प्यायलेल्या लहान मुलांचे यकृत निकामी होऊ लागल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यातल्या एकाला पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरचेच औषध, एन-अॅसिटिलसिस्टीन, द्यावे लागले होते. यकृताचे कवच म्हणून छापलेल्या तेलावर!

हळदीबद्दल तरी सांगलीत घोटाळा नको होता. कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, उडून जाणारे नाही, त्यामुळे वाफेवर काढलेल्या तेलात ते उतरत नाही. तेलात असतात टर्मेरोन नावाचे सुगंधी घटक. हळद शिजायला लागली की शिवारभर सुटतो त्या वासात तेच असतात. आपण दोन्ही एकाच ओळीत कालवलेत. आणि भाजीतली हळद वेगळी, अर्काच्या कॅप्सूल वेगळ्या. इटलीत २०१९ मध्ये अशा कॅप्सूल घेणाऱ्यांत यकृतदाहाचे रुग्ण आढळले, तेही छापायला हवे होते.

मामांचा रक्ताचा रिपोर्ट ठीक आला. बाटली मी ठेवून घेतली; दाढ दुखली तर कापसाच्या बोळ्याला लावून मिळेल, असे सांगितले आहे. दुरुस्ती छापाल तर त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या टायपात छापावी. काल त्यांचे दोन मित्र तेच कात्रण घेऊन दुकानात आले होते.

एक औषध विक्रेता,
विश्रामबाग, सांगली