मास्तरांच्या चिकटवह्यांसाठी आवाहन

सर्व सभासद, हितचिंतक आणि गावातल्या व बाहेरगावी गेलेल्या कलाप्रेमी मंडळींना सप्रेम नमस्कार.

मास्तर गेल्यावर, त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या कोल्हापूरच्या चित्रकलेवरच्या कात्रणांच्या आणि फोटोंच्या 43 चिकटवह्या त्यांच्या घरच्यांनी मंडळाच्या स्वाधीन केल्या, हे आपण जाणताच. त्या का जपायच्या हे पुन्हा सांगावं लागतंय याचं वाईट वाटतं. तरी सांगतो.

पहिल्या वहीचं पहिलं पान जानेवारी 1954 चं आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटर गेल्याची बातमी, शाळकरी हातानं वाकडीतिकडी कापलेली आणि खळीनं चिकटवलेली. तिथून पुढे हात थकेपर्यंत मास्तर कापत आणि चिकटवत राहिले. प्रदर्शनांच्या निमंत्रणपत्रिका, शाहू स्मारकातले अभिप्राय, नट-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांच्या पावडर शेडिंगवरची (रंगाची पूड कागदावर घासून काढलेल्या चित्रांवरची) कात्रणं, रविवारी पंचगंगेच्या घाटावर कोण कोण बोर्ड घेऊन बसलं होतं त्याच्या नोंदी. सिनेमाची पोस्टरं आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर, फ्रेमवाल्यांची बिलं, मॉडेल म्हणून तासन्‌तास बसून दिलेल्या म्हाताऱ्यांचे फोटो. आबालाल रहिमान आणि बाबूराव या नामवंत चित्रकारांवर लिहिलं गेलंय. पण कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते या बाकीच्या शेकडो हातांमुळेही, आणि त्या हातांची नावं आमच्या माहितीत याच वह्यांत आहेत.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात शाहूपुरीतल्या मास्तरांच्या घरात पाणी शिरलं आणि ट्रंकेतल्या 14 वह्या भिजल्या. त्या वेळी जे धावून आले त्यांचे उपकार मंडळ विसरणार नाही. आपल्या फ्रेमवाल्या काकांचं स्वतःचं दुकान पाण्यात होतं, तरी त्यांनी वरचा माळा वह्यांसाठी रिकामा करून दिला. लक्ष्मीपुरीतल्या कागदाच्या व्यापाऱ्यांनी टीपकागदाचे गठ्ठे दिले आणि पैशाचं नावही काढू दिलं नाही. दळवीज आणि कलानिकेतन या चित्रकलेच्या संस्थांतल्या मुलामुलींनी 11 रात्री जागून पानापानात टीपकागद घातला, पंखे लावले, ओला कागद बदलला. चित्रकलेच्या एका निवृत्त बाईंनी महिन्याची अख्खी पेन्शन पाकिटात घालून आणून दिली, वर नाव लिहायचं नाही अशी अट! जुलै 2021 ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा हीच माणसं न बोलावता हजर होती. वही एकही गेली नाही.

नंतर मात्र आम्ही एकटे पडलो. वह्यांचं प्रदर्शन भरवलं, त्याच्या पत्रिकांचा खर्चही निघाला नाही. अर्ज केले, त्यांना पोच मिळाली, उत्तर नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना सारं गाव खासबागेकडे धावलं. शाहू महाराजांनी 1915 ला उभी केलेली वास्तू डोळ्यांदेखत जाताना मोठमोठी माणसं रडली. ते रडू खरं होतं. पण जळण्याआधी, सडण्याआधी जे हातात आहे त्यासाठी चार माणसं मिळू नयेत?

वह्यांची स्थिती नाजूक आहे. वर्तमानपत्राचा कागद आतल्या आम्लानं तपकिरी पडून हात लावताच तुटतो. सेलोटेपचे डाग फोटोंवर उतरलेत, टाचण्या गंजल्यात, खळीच्या वासानं कसर लागलीय. पानन्‌पान स्कॅन करून, मध्ये आम्लमुक्त कागद घालून, वह्या बंद पेट्यांत ठेवायच्या आहेत. हे सारं पावसाळ्याआधी व्हायला हवं.

एकूण खर्च रु. 2,85,000; जमा रु. 71,500. रोख वा मंडळाच्या नावे धनादेश, कार्यालयात संध्या. 6 ते 8 (सोमवार बंद), पावती लगेच. देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळावी म्हणून 80जी चा अर्ज केलाय, प्रमाणपत्र अजून नाही. मुदत 15 मे. स्टीलचं कपाट, चालू स्कॅनर, टीपकागद असं काहीही चालेल. फूल ना फुलाची पाकळी द्या.

पैशाइतकीच गरज ओळखणाऱ्या डोळ्यांची आहे. शेकडो फोटोंखाली नावं नाहीत. मास्तरांना सगळे तोंडपाठ होते, त्यामुळे त्यांनी लिहिलं नाही. ज्यांना ते चेहरे आठवतात ती मंडळी आता ऐंशीच्या पुढे आहेत. दर रविवारी सकाळी 10 वाजता वह्या उघडून बसतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन या. जिना चढवत नसेल तर निरोप द्या, आम्ही फोटो घेऊन घरी येऊ.

आपला नम्र,
चिटणीस, कार्यकारी मंडळाच्या वतीने

ता. क. 17 व्या वहीत रंकाळा तलावाच्या कट्ट्यावरचा सात जणांचा फोटो आहे. पाच नावं लागली. डावीकडून तिसरी, मांडीवर रंगाची पेटी घेतलेली मुलगी आणि तिच्यामागे छत्री धरून उभे असलेले गृहस्थ कोण, हे सांगणारं कुणी असेल तर देणगीचं नंतर पाहू, आधी या.