बोनेअरचं मीठ

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार,

फोनवर सांगितलं असतं, पण बोटीवरचं नेट मध्येच जातं आणि बाबा नुसतं "हॅलो, हॅलो" करत बसतात. म्हणून लिहितोय. माझ्या केबिनमधला गोव्यातल्या वास्कोचा मुलगा परवा साइन ऑफ होतोय, म्हणजे काम संपवून बोट सोडतोय, तो घरी पोचल्यावर पत्र पोस्टात टाकेल. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

मंगळवारी मला सकाळी साडेनऊपासून दुपारी चारपर्यंत सुट्टी मिळाली. तुम्हाला वाटतं, बोट बंदराला लागली की आम्ही सगळे उतरतो. तसं नसतं. बंदरातही काही झालं तर बोट सांभाळायला ठरावीक माणसं आत राहावीच लागतात आणि ती पाळी आळीपाळीने सगळ्यांना येते. शिवाय जेवणाचा हॉल दिवसातून तीनदा मांडायचा आणि तीनदा आवरायचा. चार महिन्यांत बंदरं बरीच पाहिली, पण बहुतेक सगळी खालच्या डेकवरच्या गोल खिडकीतून. मंगळवारी मात्र नाश्त्याची शेवटची टेबलं आवरली, कपडे बदलले आणि लाँड्रीतल्या फिलिपिनो मित्राबरोबर उतरलो.

बेटाचं नाव बोनेअर. वेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटरवर आहे. मालकी डच लोकांची, व्यवहार अमेरिकन डॉलरमध्ये आणि लोकांच्या तोंडी पापियामेंतू नावाची भाषा. सकाळी भेटलेला प्रत्येक जण "बोन दिया" म्हणतो. वेंगुर्ल्याच्या बाजारात ते पाववाले म्हातारे म्हणायचे ना, तेच! मी इतका दचकलो की उत्तर द्यायचंच विसरलो. बेट एकदम कोरडं, जिकडेतिकडे निवडुंग आणि मोकाट फिरणारी गाढवं. पूर्वी ओझी वाहायला आणलेल्या गाढवांचीच ही पिलावळ.

आम्ही चौघांनी मिळून गाडी केली आणि दक्षिणेकडच्या किनाऱ्याने निघालो. रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड दिसतात. दगड दिसला की समजायचं, इथून पाण्यात उतरायची जागा आहे. १९७९ पासून बेटाच्या भोवतालचा समुद्र राखीव आहे. नांगर टाकायचा नाही, प्रवाळ तोडायचं नाही, त्यावर पाय ठेवायचा नाही. अंगाला सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला, असं पाण्याखाली बघायचे मास्क भाड्याने देणाऱ्या बाईंनी बजावून सांगितलं.

आई, आता घाबरू नकोस. पोहायला मी आपल्या विहिरीत शिकलो, पाठीला डबा बांधून, हे तुला माहीत आहे. पण इथे वेगळंच झालं. तोंड पाण्यात खाली ठेवायचं आणि नळीतून श्वास घ्यायचा. इतकी वर्षं शरीराला एकच सवय, श्वास घ्यायचा तर मान वर. डोकं म्हणतं "घे", छाती म्हणते "नको". दोनदा नाकातोंडात पाणी गेलं, मास्क भरला, मी उभं राहायला गेलो तर पायाखाली प्रवाळ, पाय ठेवायची सोय नाही. फिलिपिनो मित्राने माझं मनगट धरलं आणि काही न बोलता तसाच तरंगत राहिला. पाच मिनिटं तरी धरून होता. मग माझा श्वास आपोआप लागला.

आणि मग ऐकू आलं. बाबा, समुद्राच्या आत आवाज असतो! कुर्र, कुर्र, तुम्ही रात्री ओटीवर बसून चणे फोडता ना, अगदी तसा. पोपटमासा होता. हिरवा-निळा, गुलाबी कडांचा, वीतभराहून मोठा, आणि तोंडाला खरोखरच पोपटासारखी चोच. तो खडकावरचं शेवाळ खरवडून खातो, त्याबरोबर प्रवाळाचे कण चावतो आणि त्याची वाळू करून मागे सोडतो. माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या शेपटीखालून पांढरी धार सुटली आणि तळाला जाऊन बसली. इथल्या पांढऱ्या वाळूतली बरीचशी अशीच झालेली. ज्या वाळूवर मी चप्पल काढून ठेवली होती, ती अशा माशांच्या पोटातून आलेली असणार. मी त्याच्या मागे मागे गेलो. तो थांबायचा, चावायचा, पुढे जायचा. शेतात बैल चरतो तसं निवांत काम चाललं होतं त्याचं.

एक कासवही दिसलं, पण लांबून. प्रवाळाचे काही मोठे गोळे मात्र मेलेले होते, वर राखाडी शेवाळ चढलेलं. २०२३ पासून इथल्या प्रवाळाला रोग लागला आहे. मास्कवाल्या बाई सांगत होत्या, तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. त्यांच्या घरातलं कुणी आजारी असावं तसं बोलत होत्या.

खरं सांगायचं आहे ते यापुढचं. रस्ता पुढे गेला आणि डाव्या हाताला एकदम गुलाबी पाणी लागलं. आखून काढलेले मोठमोठे चौकोन, मध्ये बांध आणि मागे मिठाच्या पांढऱ्याशुभ्र राशी. मी गाडीत ओरडलोच, "मिठागर!" बाकीच्यांना काही कळलं नाही. आपल्या शिरोड्यासारखंच, समुद्राचं पाणी घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचं, ऊन आणि वाऱ्याला आटवू द्यायचं. फरक एवढाच की इथे टोपल्या नाहीत. यंत्रं मीठ गोळा करतात आणि लांबलचक पट्ट्यावरून ते थेट जहाजात पडतं. खाऱ्या पाण्यातले सूक्ष्म जीव ते पाणी गुलाबी करतात, आणि तिथेच रोहित पक्षी वीण घालतात. लांबून दिसले, पाण्याच्याच रंगाचे.

मिठागराच्या कडेला समुद्राकडे तोंड करून दगडी खोपट्यांची रांग आहे. १८५० मध्ये बांधलेली. मीठ काढायला ठेवलेले गुलाम रात्री त्यांत झोपायचे. दार माझ्या कमरेएवढं. मी गुडघ्यांवर आत गेलो. दोन माणसं जेमतेम आडवी होतील एवढी जागा, एक बारकी खिडकी, आणि भट्टीसारखं ऊन. त्यांची बायकामुलं उत्तरेला रिंकोन गावात असायची. आठवडा संपला की सात तास चालत घरी जायचं आणि परत तेवढंच चालत यायचं. १८६३ मध्ये डचांनी गुलामी बंद केली, तोवर हे चाललं.

बाबा, मी तुमची आणि त्यांची बरोबरी करत नाही. तुम्हाला शिरोड्याच्या मिठागरात मजुरी मिळायची, आणि तुम्ही संध्याकाळी घरी यायचात. पण त्या खोपटात बसल्यावर मला तुमचे पाय आठवले. मिठाच्या पाण्याने फुटलेल्या टाचा, आई कंदिलाच्या उजेडात त्यात खोबरेल भरायची आणि तुम्ही तोंडातून आवाज काढायचा नाहीत. मी चौथीत होतो. मला तेव्हा वाटायचं, सगळ्यांच्याच बाबांचे पाय असे असतात. याबद्दल मी तुम्हाला कधी एक शब्द विचारला नाही. बोटीवर यायला पैसे कुठून उभे केलेत तेही विचारलं नाही. आता विचारणार आहे. सगळं सांगायचं, "तां सोड रे" म्हणून उडवायचं नाही.

बाहेर येऊन बांधाच्या कडेला साचलेली मिठाची पापडी नखाने काढून जिभेवर ठेवली. तीच चव, शेवटी थोडी कडसर. आई, तू सुक्या बांगड्याला लावतेस त्या खडे मिठाची.

चारच्या आत परत आलो, पाचला कामावर उभा. पाठ भाजली आहे, बाकी ठीक.

माझं कॉन्ट्रॅक्ट फेब्रुवारीअखेर संपतंय. पाऊस लागायच्या आत आपण तिघांनी मालवणला जायचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या समुद्रातही प्रवाळ आहे, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. शिरोड्यापासून एवढं जवळ, आणि आपण एकदाही पाहिलं नाही. मी दोन मास्क घेऊन येतोय. बाबा, पाण्यात उतरायलाच हवं असं नाही. होडीची कड धरून फक्त चेहरा पाण्यात घाला, मी बाजूला असेन, मनगट धरून. आईने होडीत बसावं आणि आमच्या नावाने ओरडावं.

गुडघ्याचं औषध चुकवू नका. विहिरीचा रहाट दुरुस्त करून घ्या, पैसे पहिल्या आठवड्यात पाठवतो.

तुमचा,
बाळू

ता.क. बाबा, एक आठवून ठेवा. आपल्या मिठागरात मीठ पडायच्या आधी शेवटच्या वाफ्यातलं पाणी लालसर व्हायचं ना? मला तसं पुसट आठवतंय.