गंगा आली, पण नोंद कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजापूरजवळ उन्हाळे गावी गंगा, म्हणजे काही वर्षांनी कुंडांत उगवणारा आणि पुन्हा आटणारा झरा, आली की दोन बातम्या ठरलेल्या असतात. आधी ‘गंगामाई प्रकटली, भाविकांची रीघ’, आणि दोन-चार दिवसांनी ‘हा तर सायफन!’. पहिली श्रद्धेची म्हणून कोणी तपासत नाही आणि दुसरी विज्ञानाची म्हणून तपासत नाही. दोन्हींत एकही आकडा नसतो. किती पाणी आले, ते किती गरम होते, किती दिवस टिकले, यातले काहीच कळत नाही. चमत्काराचा अभ्यास म्हणजे बाजू घेणे नव्हे, आणि म्हणूनच हे पत्र.

सायफनची कल्पना अशी. जमिनीच्या पोटात एक पोकळी आहे. तिच्यातून बाहेर पडणारी वाट आधी वर चढते आणि मग खाली उतरते. पावसाचे पाणी पोकळीत साचत जाते, पातळी त्या वाटेच्या माथ्याला लागली की एकदम वाहू लागते, आणि वाटेत हवा शिरेपर्यंत थांबत नाही. पिंपातले रॉकेल नळीने काढतात तेच तत्त्व. जगात असे झरे आहेत. जेरुसलेमचा गिहोन झरा असाच थांबून थांबून वाहणारा म्हणून प्रसिद्ध होता, आणि अमेरिकेत वायोमिंगमध्ये एक झरा काही मिनिटांच्या अंतराने चालू-बंद होतो. पण ते दोन्ही चुनखडीच्या मुलखातले. चुनखडी पाण्यात विरघळते, तिच्यात मोठ्या गुहा पडतात. आपल्याकडे वर जांभा आणि खाली काळा कातळ. जांभ्यातही पोकळ्या असतात, विहीर खणणाऱ्यांना त्या चांगल्या ठाऊक आहेत. तरी मिनिटांत भरणारी पोकळी आणि तीन-तीन वर्षे भरत राहणारी पोकळी यांत फार अंतर आहे.

हे अंतर एका बादलीने मोजता येते. पहाटे, स्नानाची गर्दी सुरू होण्याआधी, गोमुखाच्या धारेखाली 10 लिटरची बादली धरायची आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर पाहायचे. तीनदा मोजून सरासरी काढायची. बादलीवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नये, तो बहुधा काठोकाठचा असतो. लिटरची बाटली दहा वेळा ओतून आत खूण करून घ्यावी. समजा 25 सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला 24 लिटर, दिवसाला 34,560 लिटर. धार दोन महिने तशीच राहिली तर 20 लाख 73 हजार 600 लिटर, सुमारे 2,074 घनमीटर. मध्ये भर पडली नाही असे धरले, तर एवढे पाणी मावायला लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी पावणेतेरा मीटर, म्हणजे जवळपास 42 फूट, अशी पोकळी हवी. हे एका धारेचे झाले, कुंडे तर चौदा आहेत. आकडा उदाहरणाचा आहे, खरा आकडा घेतल्यावर हिशेब बदलेल. पण ‘सायफन’ म्हणून मोकळे होणाऱ्याने हा हिशेब एकदा तरी मांडायला हवा. नाहीतर तो शब्दही मंत्रासारखाच म्हटला जातो.

सायफन असेल तर गंगा एकाएकी यावी, शेवटी झटक्यात तुटावी, आणि दोन येण्यांमधले अंतर मधल्या पावसाळ्यांच्या पावसाशी जुळावे. भूजलाचा साधा पाझर असेल तर धार हळूहळू वाढेल, हळूहळू ओसरेल आणि आसपासच्या विहिरी तिच्याबरोबर वर-खाली होतील. त्यासाठी दोन विहिरींच्या काठापासून पाण्यापर्यंत दोरी सोडून आठवड्याला एकदा मोजले तरी पुरे. मात्र ते गंगा नसतानाही चालू ठेवावे लागते, आणि नेमके तिथेच सगळे थांबते. पूर्वी साधारण तीन वर्षांनी येणारी गंगा अलीकडे त्या हिशेबाने येत नाही. मग हे मोजणे अधिकच निकडीचे आहे.

कुंडांच्या पाण्याची ऊब वेगवेगळी असते असे सगळेच सांगतात. ती हाताने ठरवू नये. आधी गरम पाण्यात बुडवलेल्या हाताला कोमट पाणीही गार लागते. तापाचा थर्मामीटर इथे निरुपयोगी, तो साधारण 35 ते 42 अंशांपुरताच असतो. प्रयोगशाळेतला थर्मामीटर पाण्यात वीतभर खोल दोन मिनिटे धरावा आणि पाण्यात असतानाच वाचावा. बाहेर काढून वाचला की पारा उतरलेला असतो. जवळच्या उन्हाळ्याचे, म्हणजे गरम झऱ्याचे, तापमानही त्याच दिवशी घ्यावे. दोन्ही पाणी एकाच मुळाचे आहे का, याचा पहिला धागा तिथे मिळेल. क्षार मोजायचे छोटे मीटर पाण्याचे फिल्टर बसवणाऱ्यांकडे असते, ते मागून आणता येईल.

जिभेचेही तसेच. ऑगस्ट 2006 मध्ये माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाले म्हणून लोक ते प्यायले, बाटल्या भरून घरी नेले. भर पावसाळ्यात मिठी नदीचे पाणी तिथे उतरत होते. गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्यावर तरंगते, आणि ओंजळीत येते ते वरचेच. खाडीकाठी राहणाऱ्या कोणालाही हे सांगायला नको. पृष्ठभागावरचा एक आणि मीटरभर खोलीवरचा एक, असे दोन नमुने भरतीला आणि ओहोटीला घेतले असते तर प्रश्न तासाभरात सुटला असता. सांडपाणी मिसळलेले पाणी पोरांच्या तोंडी गेले नसते. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो म्हणून रांगा लागल्या, तेव्हा दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग घातला. पृष्ठताणाने चमच्यातून ओढले गेलेले दूध मूर्तीवरून पातळ थराने खाली उतरताना दिसले. पांढऱ्यावर पांढरे म्हणून आधी दिसत नव्हते, एवढेच.

सायफन सिद्ध झाला नाही म्हणून चमत्कार सिद्ध होत नाही. चमत्कार सृष्टीच्या विरुद्ध नसतो, सृष्टीबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्याच्या विरुद्ध असतो, असे संत ऑगस्टीन सोळाशे वर्षांपूर्वी म्हणून गेला. तो धर्माचाच माणूस. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1748 मध्ये साक्षीवर बोट ठेवले: चमत्कार घडला असण्यापेक्षा सांगणारा चुकला असण्याची शक्यता जास्त नाही ना, हे आधी पाहा. त्यानेच एका भारतीय राजाचे उदाहरण दिले आहे. पाणी थंडीने गोठते यावर त्या राजाने विश्वास ठेवला नाही. ह्यूम त्याला मूर्ख म्हणत नाही, पटण्यासाठी भक्कम पुरावा हवा होता एवढेच म्हणतो. कोकणात जन्मलेल्या माणसाला हे लगेच पटावे.

फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्री 1883 पासून वैद्यकीय कार्यालय आहे. बरे झाल्याचे हजारो दावे आले, चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या आसपास. रोग गंभीर होता का, गुण एकाएकी आणि पूर्ण आला का, तो टिकला का, औषधाने आला नाही ना, हे डॉक्टर पाहतात. ‘आजच्या ज्ञानाने उलगडत नाही’ इथे त्यांचे काम संपते. चमत्कार म्हणायचे की नाही ते बिशप ठरवतो. कामाची ही वाटणी मला फार मोलाची वाटते. उन्हाळे गावातही देवस्थानच्या मंडळींनी पूजा करावी आणि कॉलेजच्या मुलांनी मोजावे, कोणाच्या आड कोणी येत नाही. नारळातून जाळ काढून पैसे उकळणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. गंगेशी त्याची गाठ घालू नये.

आपल्या दैनिकाकडे मागणी छोटी आहे. पुढच्या वेळी बातमीच्या शेजारी एक चौकट द्यावी: पहिले पाणी दिसल्याची तारीख आणि वेळ, बादलीचे सेकंद, तीन कुंडांचे तापमान, विहिरीची पातळी, त्या हंगामातला पाऊस. दर आठवड्याला तीच चौकट पुन्हा. आणि गंगा गेली त्या दिवसाचीही बातमी करावी. येण्याचे फोटो पुष्कळ असतात, पण ती किती दिवस राहिली हे जाण्याच्या तारखेशिवाय काढता येत नाही.

आपला,
एक वाचक, राजापूर (जि. रत्नागिरी)