बँडच्या वह्या रद्दीत जाण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका रविवारी जुन्या बाजारात गेलो होतो. कुलपं, नळाच्या तोट्या, समया यांच्या ढिगात एक युफोनियम, म्हणजे बँडमधलं फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य, आडवं पडलेलं दिसलं. कर्ण्याच्या कडेला मोठा पोचा, नळीला दोन ठिकाणी डाख, मधला पिस्टन अडकलेला. दुकानदाराने ते उचलून सरळ काट्यावर ठेवलं आणि पितळेचा भाव सांगितला. मी ते घेतलं नाही, कारण तसंच एक आमच्या माळ्यावर आहे, वडिलांचं. पण घरी येईपर्यंत जिवाला चैन नव्हती.

माझे वडील, आमचे अण्णा, पेठेतल्या एका बँडमध्ये तीस वर्षं युफोनियम वाजवत. आदल्या रात्री चिंच आणि राखेनं ते घासायचं काम आम्हा भावंडांचं. वरातीहून परतले की ओठ सुजलेले असायचे. आई काही न बोलता तुपाची वाटी पुढे ठेवायची.

पुण्यात ही वाद्यं आली ती पलटणींबरोबर. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर इथे इंग्रजांची छावणी वसली, तिच्यामागून परेडचे बँड आले. कॅम्पातले ते सूर हळूहळू पेठांत शिरले. पुढे वाद्यं देशातच बनू लागली. मेरठला नादिर अलींची पेढी १८८५ मध्ये सुरू झाली आणि आजही बँडवाल्यांच्या बोलण्यात 'मेरठचा माल' असतोच. खांद्यावरचे सोनेरी गोंडे, रांगेत चालणं, हे सगळं पलटणीचं. वाजवणारे मात्र आपले: सनई, हलगी, ताशा ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होता ते, त्यांत मातंग समाजातले कलावंत पुष्कळ, मुसलमान मास्तरही होते. बँडचं नाव मोठ्या ड्रमवर रंगवलेलं असे. वाजवणाऱ्याचं नाव कुठेच नसे.

आणि पुण्यानं या परक्या पितळेत काय भरलं, तर नाट्यपद! १८८० मध्ये किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यातच रंगभूमीवर आलं. संगीत नाटकाचं वेड लागलेल्या या गावात बँडनं नुसती परेडची धून वाजवून कोण ऐकणार होतं? इथे खरी कसोटी होती. ट्रंपेटला तीन पिस्टन, एक दाबला की स्वर पायरीसारखा बदलतो. मग मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, काढायची कशी? पिस्टन पुरता न दाबता अर्ध्यावर धरायचा आणि उरलेलं काम ओठांनी करायचं. क्लॅरोनेटवाला भोकावरचं बोट एकदम उचलत नाही, सरकवत सरकवत उचलतो, मग स्वर घसरत वर जातो. अण्णा हे मला जेवणाच्या पाटावर बसून बोटांनी दाखवायचे. हे त्यांना कुठल्या विद्यालयात शिकवलं नव्हतं. मास्तर वाजवून दाखवत, मागच्यांनी उचलायचं. चालता चालता, गर्दीत, पायाखाली खड्डे असताना.

बँडवाल्याचं वर्ष पंचांगावर चालतं. तुळशीचं लग्न लागलं की सुगी सुरू, चातुर्मासात सगळं थंड. तेव्हा कोणी रंगकाम करतो, कोणी हमाली, कोणी गावी शेतावर जातो. मधे गणपतीचे दहा दिवस हा मोठा आधार. प्रभात, दरबार ही बँडची नावं विसर्जन मिरवणुकीत उभ्या राहिलेल्या पुणेकराला सांगावी लागत नाहीत. मंडईतून निघालेली मिरवणूक बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागली की दुतर्फा लोक बँडसाठी थांबलेले असतात, मी लहानपणी अण्णांच्या पायांकडे बघत चालायचो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी मिरवणूक निघालीच नाही आणि लग्नंही पन्नास माणसांत उरकली. त्या दोन वर्षांत ओळखीच्या दोघांनी वाद्यं विकली. परत घेतली नाहीत. ध्वनिवर्धकांच्या भिंतींविषयी आपल्या पत्रात बरंच छापून आलं आहे, मी त्यात भर घालत नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. या बँडचा इतिहास कुठेही एकत्र लिहिलेला मला आढळला नाही. गणेशोत्सवाला आता राज्यमहोत्सवाचा दर्जा मिळाला आहे. त्याच्या खर्चातून थोडे पैसे काढून ऐंशीच्या घरातल्या मास्तरांकडे जाऊन त्यांचं वाजवणं, बोलणं ध्वनिमुद्रित करून घेता येईल. राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचं दालन आहे. तिथे या पितळी वाद्यांनाही, वाजवणाऱ्यांच्या नावासकट, जागा मिळावी. दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या वह्या घेऊन मी एका संस्थेत गेलो होतो. तिथल्या गृहस्थांनी वही न उघडताच 'हे लोकसंगीतात बसत नाही आणि शास्त्रीयातही नाही' असं सांगितलं. मला फार लागलं ते. ज्या माणसानं एकेक नाट्यपद कानानं ऐकून सा रे ग म मध्ये उतरवलं, कुठे श्वास घ्यायचा तिथे लाल पेन्सिलीनं फुली केली, त्याचं संगीत कुठल्या खणात बसतं हा प्रश्न नंतर सोडवता येईल. आधी कागद तरी वाचवा.

अशा वह्या पुण्यात आणखी घरांत असणार. ज्यांच्याकडे असतील त्यांनी घराचं रंगकाम, आवराआवर करताना त्या रद्दीवाल्याला देऊ नयेत, एवढं आपल्या पत्राद्वारे कळवावं. माझ्याकडे चार आहेत. अभ्यासकांनी घरी येऊन फोटो काढून घ्यावेत, चहा आमचा. मूळ वह्या मात्र बाहेर देता येणार नाहीत. कागद घडीवर तुटायला लागला आहे.

आपला,
एक वाचक,
शुक्रवार पेठ, पुणे