आखाजीला येत नाहीये, रागवू नका

आई, नाना,

फोनवर बोलायला गेले की आई आधी गप्प होते आणि मग "बरं बरं, काही हरकत नाही" म्हणते, आणि मला ते ऐकवत नाही, म्हणून लिहितेय. यंदा आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, मी येत नाहीये. तिकीट कॅन्सल केलंय. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच आठवड्यात आलंय, नंतर दिवसभर ड्रॉप टाकायचे, ह्यांना सुट्टी मिळत नाही, आणि चिऊला डेंग्यू झाला तेव्हा ह्याच बाईने रात्र रात्र जागून काढल्या होत्या. त्या स्वतः तर "तू जा गं माहेरी" म्हणून मागेच लागल्यात. मला कोणी अडवलं नाहीये, मीच ठरवलं. कानबाईला मात्र नक्की, नागपंचमीनंतरच्या रविवारी रोट खायला मी तिथेच असणार, सुट्टी टाकून झालीय.

कडुलिंबाला आखाजीचा झोका बांधू नका आता माझ्यासाठी. म्हणजे बांधा, गल्लीतल्या पोरी खेळतील, पण नाना तुम्ही शिडीवर चढायचं नाही.

एक सांगायचंय. आमच्या ऑफिसात कुणीतरी सुचवलं म्हणून मी हल्ली झोपताना वहीत लिहिते, आज काय काय चांगलं मिळालं ते. नळ सोडला की पाणी येतं हे पण लिहिलंय मी, हसू नका, पाणी येणार म्हणून पहाटे उठून हंडे, टाक्या, पातेली, होतं नव्हतं ते सगळं भरून ठेवायचो ते विसरलात का? परवा लिहिलं कळण्याची भाकरी आणि ठेचा. पीठ आईनेच पाठवलेलं. बघायला गेलं तर निम्मी वही तुमच्याच घरची आहे.

नाना, तुम्हाला पुराव्याशिवाय काही पटत नाही म्हणून सांगते, 2003 मध्ये अमेरिकेत एमन्स आणि मॅक्कलो ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे करून बघितलंय, कॉलेजच्या पोरांना दहा आठवडे लिहायला लावलं, काहींना चांगल्या गोष्टी, काहींना कटकटी, तर चांगलं लिहिणारे जास्त समाधानी निघाले आणि व्यायामही जास्त करायला लागले. आता ती विशीतली पोरं, तुमच्या गुडघ्याचं त्यांना काय कळणार, म्हणून मी पण त्याचं फार कौतुक करत नाही. पण शेत बटाईने दिल्यापासून तुमचं "आते काय ऱ्हायनं" सारखं चाललंय ना, ते मला झोपू देत नाही. आखाजीला सालदाराचं, वर्षभर ठेवलेल्या गड्याचं, साल बदलायचं, ओट्यावर हिशोब, चहावर चहा, आणि यंदा ओटा रिकामा, मला कळतंय ते. दुखतंय तर दुखतंय म्हणा. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळून "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणणारा माणूस आहात तुम्ही, जनावराचे पण उपकार विसरला नाहीत. तेच जरा स्वतःच्या दिवसाला लावा की. सकाळची हवा, बांधापर्यंत चालता आलं, भरताची वांगी चांगली मिळाली, असलं काहीही चालेल, रोज तीन ओळी.

आणि आई, तुझं बरोबर उलटं आहे. तू कृतज्ञता जरा कमी कर. "देवाच्या कृपेने सगळं छान" हे वाक्य मी आता बंद करणार आहे. ज्वारीचे बिबडे-पापड टाकताना गच्चीवर चक्कर आली होती हे मला शेजारच्या काकूकडून कळावं का गं? चूल पेटवायच्या आधी हात जोडतेस, पहिली भाकरी गायीची काढतेस, ते सगळं मला खूप आवडतं, लहानपणी त्या गायीच्या भाकरीचा कोपरा तोडून तूच मला द्यायचीस. पण देवाचे आभार मानले म्हणजे बीपी खाली येत नाही माय. तू वहीत रोज एक तक्रार लिहायची. डोकं दुखलं, पाय सुजले, नाना ओरडले, काहीही. मी फोनवर विचारणार.

आता नीट ऐका. पारा 45 ला टेकलाय, 12 ते 4 दोघांनीही उंबरा ओलांडायचा नाही, कुरडया पहाटेच उरकायच्या. कूलरमध्ये पाणी मोलकरीण भरेल, तिला मी जास्तीचे पैसे पाठवलेत, तिच्याशी वाद घालू नका. नाना, आखाजीला घागर भराल त्या दिवशी आमरस एक वाटी, साखर न घालता, आणि सांजोरी एकच. बरं, दीड. डॉक्टरांकडची तारीख सोमवारची आहे, रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय, तो दारात येईल. फाईल टीव्हीच्या खालच्या खणात.

बिबडे कुरिअरने पाठवू नका, चुरा होतो. मी कानबाईला आले की नेईन, डबा मोठा काढून ठेव आई.

तुमची,
ताई

(चिऊ विचारतेय, गायीच्या वासराचं नाव ठेवलं का. तिच्या मनात "चंपा" आहे. दुसरं ठेवलं असेल तर तिला सांगू नका.)