तुझ्या परीक्षा कधी संपणार?

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, "तुझ्या परीक्षा कधी संपणार?" हा तुझा नेहमीचा प्रश्न. बाबा, "महिन्यातून एकदा तुम्ही सगळे जमून नेमकं करता काय?" हा तुमचा. फोनवर दोन्हींचं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

नवं औषध बाजारात येण्याआधी माणसांवर त्याची चाचणी होते, हे तुम्हाला माहीत आहे. चाचणीची जबाबदारी मुख्य संशोधकाची, म्हणजे डॉक्टरांची. पण रोजचं काम कोऑर्डिनेटरच्या, म्हणजे चाचणीचं सगळं जुळवून आणणाऱ्या आमच्यासारख्या माणसाच्या हातून होतं. संमतीच्या भेटी, पुढच्या तारखा, रक्ताचे नमुने, औषधांचा गोळी-गोळीचा हिशेब आणि या सगळ्याच्या नोंदी तोच सांभाळतो. प्रायोजक कंपनीच्या वतीने मॉनिटर येतो आणि त्या नोंदी मूळ कागदांशी ताडून बघतो. यातले बहुतेक जण नर्सिंग, फार्मसी किंवा जीवशास्त्र शिकून इकडे वळलेले असतात. सुरुवातीचं प्रशिक्षण बरेचदा संगणकावर काही तासांचं असतं. गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे जीसीपी, ही चाचण्या नीट करण्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं. त्यांचा कोर्स करायचा, शेवटी प्रश्न सोडवायचे आणि प्रमाणपत्र छापून फाइलला लावायचं. ते लागतंच, पण त्याने नियम कळतात, काम येत नाही.

साधी तारखेची गोष्ट घ्या. प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्यात, लिहिलेलं असतं: भेट २९व्या दिवशी, तीन दिवस मागेपुढे चालेल. अनेक प्रोटोकॉलमध्ये औषध ज्या दिवशी सुरू होतं तो 'दिवस १' असतो, शून्यावा दिवस नसतोच. म्हणजे पहिल्या तारखेत २८ मिळवायचे, २९ नाही. इथे एका दिवसाची चूक हमखास होते. दुसरी चूक जास्त महागात पडते. माणूस २९ऐवजी ३२व्या दिवशी आला आणि पुढची तारीख त्या दिवसापासून २८ दिवसांनी दिली, तर ती ६०व्या दिवसावर जाते. पुढच्या भेटीचा खरा दिवस ५७वा आणि मुभा ५४ ते ६०. म्हणजे मुभा आधीच संपली. त्याला एक दिवस उशीर झाला, की प्रोटोकॉल डेव्हिएशन, म्हणजे आराखडा मोडल्याची नोंद. म्हणून सगळ्या भेटींच्या तारखा पहिल्या दिवसापासून मोजून सुरुवातीलाच एका कागदावर मांडायच्या आणि मागच्या भेटीवरून पुढची कधीच मोजायची नाही. हे शेजारच्या टेबलावरचं अनुभवी माणूस दोन मिनिटांत शिकवतं. पण चाचणी चालते अशा कित्येक केंद्रांत कोऑर्डिनेटर एकटाच असतो. शेजारचं टेबल रिकामं असतं, आणि वेगवेगळ्या केंद्रांतल्या आम्हा कोऑर्डिनेटरांच्या महिन्याच्या बैठका ते टेबल भरून काढण्यासाठी आहेत.

संमतीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण सगळ्यात मोठ्या चुका तिथे होतात आणि त्या चुका कागदाच्या नसतात, माणसाला दुखावणाऱ्या असतात. संमतीपत्राची आवृत्ती बदलते. नवी धोक्याची माहिती आली की नैतिकता समिती, म्हणजे सहभागी माणसांचं हित जपण्यासाठी चाचणी तपासणारी समिती, नवं पत्र मंजूर करते. कपाटात जुन्या पत्रांचा गठ्ठा तसाच राहतो आणि घाईत त्यातलंच एक पुढे केलं जातं. उपाय एकच: मंजुरी हातात येताच जुन्या कोऱ्या प्रती कपाटातून काढून टाकायच्या आणि सही घेण्याआधी आवृत्तीचा क्रमांक व तारीख समितीच्या पत्राशी जुळवायची. तारीख सहभागी माणसाने स्वतःच्या हाताने घालायची, कोऑर्डिनेटरने 'मदत' म्हणून घालायची नाही. वेळही लिहावी, कारण त्याच दिवशी रक्त घेतलं असेल तर सही आधी झाली की सुई, हे नंतर कुणीतरी विचारणारच. फक्त चाचणीत बसतो का हे पाहण्यासाठी चालू औषध थांबवायचं असेल, तर तेसुद्धा सहीनंतरच. माणसाला वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार संपूर्ण बोलण्यात हजर हवा, शेवटी सहीपुरता बोलावलेला चालत नाही.

आणि खरं कौशल्य तर बोलण्यात आहे. पत्र वाचून दाखवून "समजलं ना?" विचारलं की जवळजवळ प्रत्येक जण मान हलवतो. त्याऐवजी विचारायचं, "दोन गटांपैकी कुठल्या गटात जायचं हे कोण ठरवणार, तुमच्या शब्दांत सांगा बरं." बरेच जण म्हणतात, "डॉक्टर, माझ्यासाठी चांगलं काय ते बघून." मग थांबायचं आणि परत समजवायचं, की गट चिठ्ठी टाकल्यासारखा ठरतो, डॉक्टर निवडत नाहीत, आणि कदाचित औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी मिळेल. हे पुस्तकातून येत नाही. नव्या माणसाने आधी अनुभवी माणसाची संमती-भेट शेजारी बसून पाहायची, मग त्याच्या देखत स्वतः करायची आणि त्यानंतरच एकट्याने. नुसतं पाहणं किमान तीन वेळा तरी व्हावं, असं माझं ठाम मत आहे. कारण तीन माणसांचे प्रश्न तीन तऱ्हेचे असतात. यातल्या प्रत्येक पायरीची नोंद प्रशिक्षणाच्या फाइलमध्ये हवी आणि डेलिगेशन लॉगवर, म्हणजे कुणी कुठलं काम करायचं त्या यादीवर, त्या कामासाठी नाव चढल्याशिवाय हात लावायचा नाही.

बाबा, आता तुमचाच दाखला देते. तुम्हाला "तब्येत कशी आहे?" विचारलं की उत्तर "ठीक आहे." चाचणीतली माणसंही तेच म्हणतात, आणि मागच्या आठवड्यात एक रात्र दवाखान्यात काढलेली असते. म्हणून प्रश्न तुकड्यातुकड्यांत विचारायचे. मागच्या भेटीनंतर दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलात का? नवी गोळी, थेंब, मलम, घरगुती उपाय? एखादी रात्र दवाखान्यात भरती व्हावं लागलं का? कुठलं रोजचं काम जमलं नाही का? रुग्णालयात भरती व्हावं लागलं असेल तर ती सहसा 'गंभीर घटना' ठरते, मग भरतीचं कारण काहीही असो, अगदी पडून हात मोडला तरी. बहुतेक प्रोटोकॉलमध्ये ती कळल्यापासून २४ तासांत प्रायोजकाला कळवायची असते. घड्याळ घटना घडल्यापासून चालू होत नाही, केंद्राला कळल्यापासून होतं. सगळे कागद गोळा होईपर्यंत थांबणं ही नवख्यांची ठरलेली चूक. जेवढं माहीत आहे तेवढं आज पाठवायचं, उरलेलं मागाहून. पुढे प्रायोजकाचीही मुदत चालू होते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, औषधामुळे झाल्याचा संशय असलेली, अनपेक्षित आणि जिवावर बेतलेली किंवा मृत्यू ओढवलेली घटना असेल तर नियामकाला, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेला, ७ दिवसांत, अशाच संशयित आणि अनपेक्षित इतर गंभीर घटनांसाठी १५ दिवसांत.

आता बैठकीत काय करतो ते. आठ ते बारा माणसं, एक तास, एकच प्रकरण. चाचणीचं नाव, प्रायोजकाचं नाव, सहभागी माणसाची कुठलीही खूण सांगायची नाही. गोपनीयतेचा करार बैठकीतही लागू असतो. पहिली दहा मिनिटं काय घडलं एवढंच. समजा, औषधाच्या फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांत असायला हवं होतं आणि ते रात्रीतून ११ वर गेलं. पुढची वीस मिनिटं 'का'. कुणीतरी लगेच म्हणतं, "कर्मचाऱ्याचं लक्ष नव्हतं, पुन्हा प्रशिक्षण द्या." माझ्या मते या क्षेत्रातलं हे सगळ्यात कमकुवत उत्तर आहे, आणि सगळ्यात जास्त वापरलं जाणारंही. नीट खोदलं की दिसतं: थर्मामीटर कमाल-किमान दोन्ही दाखवतो, पण वाचल्यावर रीसेट करायचं नोंदवहीत लिहिलेलंच नाही. त्यामुळे रोज जुनाच कमाल आकडा दिसत होता आणि सगळ्यांना त्याची सवय झाली होती. मग उपाय बदलतो. वहीत रीसेटचा रकाना, आठवड्याच्या सुट्टीत कोण बघणार त्याचं नाव, आणि मर्यादा ओलांडली की फोनवर वाजणारा गजर. औषधाचं काय, तर फेकायचं नाही आणि कुणाला द्यायचंही नाही. योग्य तापमानात, पण वेगळं ठेवायचं, 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावायची, किती वेळ किती तापमान होतं ते प्रायोजकाला कळवायचं आणि लेखी उत्तराची वाट बघायची. त्यानंतरची वीस मिनिटं प्रत्येकाने आपल्या केंद्रात काय बदलणार ते सांगायचं. उरलेल्या दहा मिनिटांत कुणीतरी एका पानावर हे लिहून काढतं.

अशा बैठका मोडतात कशाने, तेही सांगते. व्याख्यान ठेवलं की लोक ऐकायला येतात आणि गप्प बसतात. वरिष्ठ हजर असले की चुका कुणी बोलत नाही. एखादी विक्रेता कंपनी सॉफ्टवेअर दाखवायला आली की त्या दिवसापुरती गर्दी होते आणि पुढच्या वेळी अर्धी माणसं येत नाहीत. आणि एकाच माणसाने सगळं ओढलं तर वर्षभरात तो थकतो. म्हणून सूत्रधार दर तीन महिन्यांनी बदलायचा आणि पुढच्या बैठकीचं प्रकरण व तारीख उठण्याआधी ठरवायची.

आता आई, तुझी परीक्षा. या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या जुन्या आणि मान्यता पावलेल्या दोन संस्था आहेत. असोसिएशन ऑफ क्लिनिकल रिसर्च प्रोफेशनल्स, म्हणजे एसीआरपी, १९७६ पासूनची. आणि सोसायटी ऑफ क्लिनिकल रिसर्च असोसिएट्स, म्हणजे सोक्रा, १९९१ पासूनची. एसीआरपीच्या कोऑर्डिनेटर परीक्षेला बसायला साधारण ३,००० तासांचा अनुभव लागतो, आठवड्याला ४० तास धरले तर जवळजवळ दीड वर्ष. काही मान्य शिक्षणासाठी त्यात सूट मिळते. पेपर तीन तासांचा, बहुपर्यायी. नापास होण्याचं एक कारण अनुभवी माणसांतच दिसतं: आपल्या केंद्रात जसं करतात तसं उत्तर देणं. प्रश्न आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांवर असतात, आपल्या कपाटातल्या कार्यपद्धतीवर नसतात. म्हणून तयारी करताना मूळ मजकूर वाचावा, दुसऱ्याच्या टिपणांवर भागवू नये. आणि प्रमाणपत्र कायमचं नसतं. एसीआरपीचं दर दोन वर्षांनी टिकवावं लागतं, सोक्राचं दर तीन वर्षांनी, त्यासाठी ४५ तासांचं पुढचं शिक्षण दाखवून. म्हणून परीक्षा 'संपत' नाहीत.

आणि त्या संपू नयेत असंच मला वाटतं, कारण नियमही थांबलेले नाहीत. डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने १९६४ मध्ये केलेलं हेलसिंकीचं घोषणापत्र ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा सुधारलं. त्यात आता चाचणीतल्या माणसाला 'सब्जेक्ट' न म्हणता 'पार्टिसिपंट' म्हटलं आहे. जीसीपीची मूळ तत्त्वं १९९६ची, सुधारणा २०१६ची, आणि तिसरी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये अंतिम झाली. तिचा भर असा, की सगळंच सारखं तपासत बसू नका. सहभागींची सुरक्षा आणि निष्कर्षांची विश्वासार्हता ज्या गोष्टींवर अवलंबून आहे त्या आधी ओळखा आणि तिथे ताकद लावा. जुना कोर्स केलेल्या माणसाला ही विचाराची पद्धतच नवी आहे.

कुठे कमी पडतो हे कळण्यासाठी एक चांगलं साधन आहे. २०१४ मध्ये एका संयुक्त कृतिगटाने या कामाची आठ क्षेत्रं मांडली: विज्ञान व आराखडा, नैतिकता व सुरक्षा, औषधाचा विकास व नियमन, प्रत्यक्ष चाचणीचं काम, केंद्राचं व्यवस्थापन, माहितीचं व्यवस्थापन, नेतृत्व, आणि संवाद. नंतर त्यात तीन पायऱ्या आल्या: प्राथमिक, कुशल, प्रगत. आपण कुठल्या पायरीवर ते वर्षातून एकदा लिहायचं, पण प्रत्येक उत्तरासमोर केलेल्या कामाचा एक पुरावा जोडायचा. पुरावा सुचला नाही तर पायरी एक खाली. आम्हा बहुतेकांची गाडी विज्ञान आणि आराखड्यात अडते. काम येतं, पण चाचणीत अमुकच संख्येने माणसं का घेतली हे सांगता येत नाही.

शेवटचं तुमच्यासाठी. उद्या तुम्हाला कुणी चाचणीत भाग घ्याल का विचारलं, तर तिथे लगेच सही करू नका. पत्र घरी आणा. विचारा: मी नाही म्हटलं तर माझे नेहमीचे उपचार तसेच चालू राहतील ना? मध्येच बाहेर पडता येईल ना? काही इजा झाली तर खर्च कुणाचा? किती वेळा यावं लागेल, किती रक्त घेणार? रात्री दोन वाजता त्रास झाला तर फोन कुणाला? सही केल्यावर तुमची प्रत मागून घ्या. आणि बाबा, चष्मा सोबत न्या. त्यातली बारीक अक्षरं तुम्हाला स्वतःला वाचता आली पाहिजेत.

तुमची,
लेक